थोरलीच्या हाताचं माप

कागदाची मिठी करायला फार काही लागत नाही. जाड कागद, पेन्सिल, कात्री, डिंक आणि लोकर. मुलाने कागदावर पंजा पालथा ठेवून बोटं फाकवायची, मोठ्या माणसाने भोवतीने पेन्सिल फिरवायची. दोन्ही पंजे कापून रंगवले की मुलाला भिंतीला पाठ टेकवून, हात पसरून उभं करायचं आणि एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत मोजून तेवढी लोकर कापायची. लोकरीच्या एका टोकाला डावा पंजा, दुसऱ्याला उजवा. घडी घालून पाकिटात टाकायची. लांबच्या माणसाने पाकीट उघडून लोकर खांद्यावरून घ्यायची आणि पंजे छातीवर आणायचे. मूल जेवढं, तेवढीच मिठी.

थोरलीला हे शाळेत बाईंनी शिकवलं होतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. घरी आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहिली. "आई, कागद दे. आजीला मिठी पाठवायचीय."

आजी फार लांब. पत्र जायला अकरा दिवस, यायला अकरा. फोनवर तिला धड ऐकू येत नसे. दोन वाक्यांनंतर ती म्हणे, "तू ओरडतेस आणि मी हो हो म्हणते, त्यापेक्षा पत्र टाक." आजी शिंपीकाम करायची. पन्नास वर्षं गळ्यात टेप घालून वावरलेली बाई. माणूस दारात उभा राहिला की आधी त्याचे खांदे बघायची, मग तोंड. तिची मुलगी, म्हणजे थोरली आणि धाकटी या दोघींची आई, मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. केसाएवढी रेघ चुकली तर कुणाची तरी भिंत दुसऱ्याच्या अंगणात जाते, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. मायलेकींचं बाकी कशात जमो न जमो, मापावरून कधी भांडण झालं नव्हतं.

थोरलीने पंजा ठेवला, आईने पेन्सिल फिरवली. अनामिका झाली, पेन्सिल करंगळीच्या आतल्या बाजूला शिरली आणि थोरली खदाखदा हसत हात ओढून मोकळी झाली. पेन्सिल बाहेर उडाली.

"स्थिर ठेव गं."

"गुदगुल्या होतात ना तिथे."

पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. शेवटी रेघेला तिथे एक चिमुकला झटका राहिलाच, आणि थोरलीने कापतानाही तो इमानाने तसाच कापला. कात्री थांबत थांबत चालवल्यामुळे कडेला बारीक दाते पडले होते. लोकर सत्त्याऐंशी सेंटिमीटर भरली.

एक मिठी झाल्यावर तिला आणखी हव्या झाल्या. एक आत्याला, एक शाळेतल्या बाईंना, एक पोस्टातल्या बाईला, "कारण ती सगळ्यांची पत्रं पाठवते आणि तिला कुणी पाठवत नाही." दर वेळी गुदगुल्यांचा तमाशा नको म्हणून आईने एकदाच पुठ्ठ्याचा हात कापून दिला. डावा हवा तर पालथा घालायचा. पुठ्ठ्यावर रेघ उतरवताना करंगळीशी आलेला तो झटका तिने हाताच्या सवयीने काढून टाकला. कचेरीत दिवसभर ती हेच करायची, वेड्यावाकड्या रेघा सरळ. पंजे कापून उरलेला मूळ कागद केराच्या टोपलीत गेला.

दोन महिन्यांनी थोरलीला ताप आला. तीन दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी घरात थोरली नव्हती.

त्याच आठवड्यात तिकडे आजीच्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला कसलाही धक्का बसता कामा नये. मुलींच्या आईला तिचा नवरा म्हणाला, "आत्ता नको. जरा बरी होऊ दे, मग सांगू." तिने मान हलवली. त्या दिवसांत कुणी काहीही म्हटलं तरी ती मान हलवत होती.

आजी बरी झाली. मग जरा थंडी ओसरू दे झालं. मग डोळ्यांचं होऊ दे झालं. करायचं राहिलेलं एखादं साधं काम मागे पडावं तसं हे मागे पडत गेलं, आणि वर्ष उलटल्यावर सांगायला तोंड उरलं नाही. त्यात आजीचं पत्र आलं, "सुट्टी लागली असेल. थोरलीची मिठी यंदा कधी?"

तिने डबा काढला. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, त्यात पुठ्ठ्याचा हात. धाकटी शेजारच्या काकूंकडे खेळायला गेली होती. त्या तासाभरात तिने पुठ्ठा कागदावर ठेवून दोन पंजे काढले, कापले, थोरलीला आवडायचा तसा पिवळा रंग दिला आणि सत्त्याऐंशी सेंटिमीटर लोकर मोजली. पत्रात लिहिलं, थोरली मजेत आहे. हे तीन शब्द लिहायला तिला तास लागला असता, पण तेवढा वेळ नव्हता. धाकटी परत यायची होती.

आजीचं उत्तर आलं. "मिठी मिळाली. सत्त्याऐंशीच भरली. पोर वर्षभरात बोटभरही वाढली नाही का गं? पोटात काही जातं ना तिच्या?"

तिने पत्र ताटाखाली सरकवलं आणि जेवण वाढलं.

दुसऱ्या वर्षी तिने लोकर लांब कापायचं ठरवलं होतं, पण कात्री हातात घेतल्यावर हात चालेना. जे नव्हतं ते मोजायचं कसं? तिने पुन्हा सत्त्याऐंशीच कापली. पंजे पुन्हा पुठ्ठ्यावरूनच. आता धाकटीही बसत होती हात ठेवून, तिची मिठी तिने स्वतः रंगवली. दोन्ही एकाच पाकिटात गेल्या.

आजीने लिहिलं, "थोरलीने यंदा भरून काढलं. सत्त्याण्णव. पंजाही चांगला वाढलाय. आता झग्याला कापड जास्त लागणार."

तिने ते वाक्य नवऱ्याला दाखवलं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा.

"लोकर आहे," तो म्हणाला. "ताणली की वाढते. त्यातून आईंचे डोळे."

"दहा सेंटिमीटर?"

"मग काय म्हणायचंय तुला?"

पुढच्या महिन्यात आजीने दोन झगे पाठवले, दर वर्षी पाठवायची तसे. धाकटीचा अंगात बसला. थोरलीचा तिने टेबलावर पसरून मोजला. आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता, बाही, खांदा, सगळं एकमेकांना धरून. अंदाजाने शिवलेला कपडा तिने लहानपणापासून पाहिला होता, तो कुठे तरी ढगळ असतो. हा नव्हता. तिने तो कपाटात पहिल्या झग्यावर ठेवला.

तिसऱ्या वर्षी तिने लोकरीऐवजी कचेरीतला पिळाचा दोरा घेतला. तो ताणला, भिजला तरी वाढत नाही. कचेरीत महत्त्वाची मोजणी दोघांनी करायची असते, म्हणून तिने नवऱ्याला बोलावलं.

"मोज."

त्याने मोजला. "सत्त्याऐंशी."

"पंजा?"

"साडेबारा." त्याने टेप खाली ठेवला. "हे आपण काय करतोय गं?"

"मोजतोय."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धाकटीला झोपाळ्यावर न्यायला निघून गेला. तिने पाकीट त्याच्या पाठीमागेच चिकटवलं आणि त्याच पावली पोस्टात टाकलं.

बावीस दिवसांनी आजीचं पत्र आलं. "लोकर संपली वाटतं घरातली, दोरा लावलाय. असू दे. एकशे दोन. पंजा साडेचौदा. लक्षण सांगते पोरी, ही तुझ्यापेक्षा उंच होणार. एकदा घेऊन ये दोघींना. मला आता प्रवास झेपत नाही आणि तू काही येत नाहीस. असं काय केलंय मी?"

नवऱ्याने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. या वेळी तो लोकरीविषयी काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "सांगून टाक त्यांना."

ती तिच्या आईला चार वर्षांत भेटली नव्हती. जायचं तर एकाच मुलीला घेऊन जायला लागणार होतं. आजीने फोटो मागितला की ती धाकटीचा पाठवायची आणि लिहायची, थोरली फोटोला उभी राहत नाही. आजीला हल्ली पायऱ्या चढवत नव्हत्या. अक्षर ओळीवरून घसरायला लागलं होतं. आपण सांगायच्या आत ती गेली तर, हा विचार भांडी घासताना, रेघा ओढताना, धाकटीच्या वेण्या घालताना येऊन उभा राहायचा. आणि सांगितलं तर, तो दुसरा विचार. आजीच्या घरात थोरली अजून वाढत होती. पत्र टाकलं की तिथेही ती उरणार नव्हती.

चौथ्या वर्षीची सुट्टी लागली. कचेरी अर्ध्या दिवसाची होती. दुपारी ती घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली होती आणि तिच्या पुढ्यात डबा उघडा होता.

"कुणी काढून दिला?"

"मीच काढला. खुर्चीवर चढून." धाकटीने पुठ्ठ्याच्या हातावर आपला हात ठेवला होता. अंगठ्यावर अंगठा, करंगळीवर करंगळी. कुठूनही पुठ्ठा बाहेर दिसत नव्हता. "बघ ना आई. मावला. हा माझा हात आहे?"

"नाही. ताईचा."

"ताई केवढी होती?"

"तुझ्याएवढी."

धाकटीने हात उचलून आपल्या पंजाकडे बघितलं, मग पुठ्ठ्याकडे. "म्हणजे पुढच्या वर्षी मी तिची ताई होणार."

ती खुर्चीवर बसली. धाकटीने विचारलं, "रडतेस?" ती म्हणाली, "नाही, धूळ गेली," आणि धाकटी म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत?"

त्या दिवशी तिने एकच मिठी केली. धाकटीची. पंजे धाकटीनेच कापले, लोकर शहाऐंशी भरली. पुठ्ठ्याच्या हाताची पेन्सिलने काळवंडलेली कड तिने खोडरबराने पुसली, हात डब्यात ठेवला, झाकणाला भोवतीने चिकटपट्टी लावली आणि डबा कपाटात झग्यांच्या मागे सारला. मग धाकटीला रंगांत गुंतवून तिने पत्र लिहिलं. दोन पानं झाली. कुठला ताप, कुठला दिवस, का सांगितलं नाही. शेवटी लिहिलं, "आई, दर वर्षी थोरलीची मिठी मी पाठवत होते. जुन्या पुठ्ठ्यावरून. या वेळी पाकिटात एकच आहे. तू मला रागाव, पण उत्तर लिही."

मिठी पाकिटात घातली. पत्र घातलं. पाकीट चिकटवलं. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने केलं होतं, हे तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं.

पोस्टातली बाई साखळीचा चष्मा नाकावर चढवत म्हणाली, "मिठ्यांचं पाकीट ना? आलात तुम्ही म्हणजे सुट्टी लागली." तिने पाकीट काट्यावर ठेवलं. "दर वर्षीइतकंच."

"या वेळी कमी भरायला हवं."

बाईने पाकीट उचलून पुन्हा ठेवलं. "काटा माझ्या लग्नाआधीचा आहे, पण माझ्या नवऱ्यासारखा नाही. खोटं बोलत नाही."

पत्राची दोन पानं होती. त्यांचं वजन असेल. तिने हात पुढे केला, पाकीट परत मागावं, उघडून बघावं म्हणून. मागे कुणीतरी खाकरलं. बाईने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.

बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी काही आलं नाही. चोविसाव्याही. नवरा दोनदा फोनपाशी गेला आणि दोनदा परत आला. सव्विसाव्या दिवशी दुपारी पोस्टमनने दाराच्या फटीतून जाड पाकीट आत सरकवलं. धाकटी शाळेत होती. घरात ती एकटीच होती. तिने हात पुसले आणि टेबलाशी बसली. आजीचं अक्षर ओळीवरून घसरलेलं होतं, पण एकही खाडाखोड नव्हती.

"पोरी,

तुझं पत्र चारदा वाचलं. माझी छाती ठीक आहे, ती काळजी करू नकोस.

मला कळलं होतं. पहिली मिठी थोरलीने कापली होती. तिच्या कात्रीचे दाते मी ओळखते, तिला कात्री धरायला मीच शिकवलं. पुढच्या वर्षीची आली ती तू कापलेली होती. कड सुरीसारखी आणि माप तेच. सात वर्षांचं पोर वर्षभरात वाढत नाही, असं होत नाही. त्या दिवशी मशीन बंद करून मी बसून राहिले. तुला विचारलं नाही. म्हटलं, तिला सांगवेल तेव्हा सांगेल, तोवर मीही पोटात काही जातं ना म्हणून लिहीन.

पण त्याच्या पुढच्या वर्षी माप वाढलं. आणि कड पुन्हा तिची. मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. म्हटलं, म्हातारे, जित्याजागत्या पोरीविषयी काय काय मनात आणलंस. तेव्हापासून मी झगे मापाने शिवतेय.

आता तू लिहितेस, पुठ्ठ्यावरून काढत होतीस. तू खोटं लिहिणार नाहीस. आणि लिहितेस, या वेळी एकच आहे.

पोरी, दोन्ही पोचल्या.

धाकटीची शहाऐंशी. थोरलीची एकशे सात. मी तीनदा मोजली. शेजारणीकडूनही मोजवून घेतली, मिठी कुणाची हे तिला सांगितलं नाही. थोरलीची तुझ्याकडे परत पाठवतेय. माझ्या खांद्यांवर ती दोन दिवस होती. तू जवळून बघ. बघितलंस की ये. धाकटीला घेऊन ये. एकटीला आणलंस तरी चालेल."

तिने पत्र बाजूला ठेवलं. उठून कपाटाशी गेली, झगे सरकवले, डबा काढला. चिकटपट्टी जशी लावली होती तशी होती. ती नखाने सोलून तिने झाकण उघडलं. पुठ्ठ्याचा हात आत होता. कड पांढरी, स्वच्छ. साडेबारा सेंटिमीटर.

मग तिने पाकिटातली घडी बाहेर काढली.

पिवळा रंग. कडेला बारीक दाते.

तिने पंजा टेबलावर पसरून त्याच्यावर आपला हात ठेवला. तिची बोटं त्याच्या बोटांवर आली. पंजा तिच्या हाताहून फक्त बोटभर कमी होता.

तिने हात उचलला.

करंगळीच्या आतल्या बाजूला रेघेला झटका होता. पेन्सिल बाहेर उडाली होती, कुणीतरी हसत हात ओढून घ्यावा तशी.